रेसचा स्क्रू आणि माझी फसगत

माझी शंभर सीसीची जुनी गाडी थंड असताना गुणी बाळासारखी चालायची, पण तापली की स्लोला टिकायची नाही. स्वारगेटच्या सिग्नलला हमखास बंद, मग मागून हॉर्न आणि माझी किकशी झटापट. मी सोपा उपाय शोधला. रेसचा स्क्रू अर्धा फेरा आत, आठवड्याने आणखी अर्धा. गाडी बंद पडायची थांबली आणि मी खूश. पुढे एका पावसाळी संध्याकाळी कात्रजचा जुना घाट उतरताना रेस पूर्ण सोडली, तरी गाडी मला पुढे रेटत राहिली. वळणावर मागचं चाक सरकलं. पडलो नाही एवढंच.

मग मी कार्बोरेटर खोलला. पायलट जेटमध्ये कचरा असणार, असं स्वतःच ठरवून त्यात शिवणकामाची सुई घातली. पितळ मऊ असतं, भोक रुंद झालं, गाडी काळा धूर ओकू लागली. नवा जेट घ्यावा लागला. जेट साफ करायचा तर कार्ब क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा वापरावी. सुईला हातसुद्धा लावू नये.

शेवटी एका वयस्कर मेस्त्रींकडे गेलो. गाडी चालू होताच ते म्हणाले, "दादा, एवढी रेस कुणी दिलीय?" तो स्क्रू कार्बोरेटरची स्लाइड वर उचलतो. स्लाइड फार वर गेली की स्लोचा कारभार पायलट जेटकडे राहतच नाही, त्यामुळे मिश्रणाचा स्क्रू कितीही फिरवा, फरक कळत नाही. आधी त्यांनी रेस उतरवली. मग गाडी कशीबशी स्लोला धरून कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या सांध्यावर थोडं पाणी फवारलं. आवाज लगेच बदलला. ओ-रिंग कडक होऊन चपटी झाली होती. गाडी तिथून हवा घेत होती. (या तपासणीला पेट्रोल वापरणारे महाभाग मी पाहिलेत. तापलेल्या इंजिनावर!)

टॅपेटही घट्ट निघाले. तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसेल, तरी गाडी अशीच बंद पडते. मात्र टॅपेट थंड इंजिनावरच बघायचे.

मिश्रणाच्या स्क्रूबाबत मी दोन दिवस उलटाच चाललो होतो. तो फिल्टरच्या बाजूला असेल, तर बाहेर काढल्यावर हवा वाढते. इंजिनाच्या बाजूला असेल, तर पेट्रोल. हात लावण्याआधी तो अलगद आत बसवत फेरे मोजा आणि लिहून ठेवा. आवळलात तर टोक मोडतं.

एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक नव्या गाड्यांना कार्बोरेटरच नसल्याने हे स्क्रूही नाहीत. माझ्या गाडीच्या रेस स्क्रूवर आता बायकोच्या नेलपेंटचा ठिपका आहे. गॅरेजमधून गाडी आली की आधी तो जागेवर आहे का, ते बघतो.