रताळं आतून बघ, पोरी

बाजारात रताळं घेशील तेव्हा सालीला भुलू नकोस. वरून लालचुटुक असलं तरी कापल्यावर बहुतेक पांढरंच निघतं. पोटाला आधार म्हणून ते चांगलंच आहे, पण डोळ्यांना लागणारं अ जीवनसत्त्व त्यात नावालाच. ते हवं तर गाभा केशरी पाहिजे.

उपासाच्या ताटात काय काय असतं? साबुदाणा, बटाटा, पांढरं रताळं. साबुदाणासुद्धा कंदाचाच, तिकडे तमिळनाडूत सेलमकडे टॅपिओकापासून करतात. तिन्ही एकत्र केले तरी अ जीवनसत्त्वाच्या नावानं शंखच. आणि एकादश्या, चतुर्थ्या, सोमवार धरतं कोण? घरातली बाई. पोटुशी असो, नाहीतर अंगावर पाजणारी. उपास सोड म्हटलं तर तू ऐकायची नाहीस, म्हणून एवढंच सांगते, त्याच ताटात गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, आण. फोडी वाफवायच्या, कुस्करायच्या, दही नि दाण्याचं कूट घालायचं, वरून तुपात जिऱ्याची फोडणी. तूप मात्र वगळू नकोस. हे जीवनसत्त्व तेला-तुपाच्या संगतीनंच अंगी लागतं. चमचाभर पुरे.

आपला जळगाव जिल्हा केळीचा, त्यामुळे पोराच्या हातात सदा केळं. असू दे, वजनाला बरं. पण आपल्या केळ्याचा गर पांढरट, डोळ्यांसाठी त्याच्या भरवशावर राहू नकोस. पिकली पपई दे. आखाजीला आमरसावर तूप सोडतो ना आपण, ती जुनी रीत अगदी बरोबर आहे. रसाचे दिवस सरले की पाल्याकडे वळायचं. आपल्याकडे शेवग्याच्या शेंगा तेवढ्या तोडतात आणि पाला शेळीपुढे टाकतात. शेळीचं भलं होतं. कोवळा पाला मूठभर धुऊन, बारीक चिरून तुरीच्या वरणात टाक, नाहीतर कळण्याच्या पिठात मळ. भाकरी जरा हिरवी दिसते, पोरं दोन दिवस नाक मुरडतात, मग खातात. साठवायचा असेल तर सावलीत वाळव. कडक उन्हात रंग उडतो आणि रंगाबरोबर गुणही.

तुझं बाळंतपण झालं की पहिला चीक पिळून टाकायचा असं कोणी सांगेल. सरळ नाही म्हण. अ जीवनसत्त्व त्या पिवळ्या चिकात सगळ्यात जास्त. सहा महिने झाले की वरच्या खाण्यात गंगाफळ, गाजर शिजवून मऊ कर, तुपाचे चार थेंब घाल. साखर नको.

नवव्या महिन्यात गोवरच्या लशीबरोबर अंगणवाडीत चमच्यानं अ जीवनसत्त्वाचा डोस पाजतात, तो चुकवू नकोस. पुढे दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांचं होईपर्यंत, सगळे मिळून ९. सरकारनं हे १९७० मध्ये सुरू केलं, तेव्हा रातांधळी पोरं गावोगाव असायची. तो डोस पोराचा, तुझा नाही. पोटुशीनं असल्या जबर मात्रेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही, गर्भाला अपाय होतो. भाजीपाल्यातल्या, कंदातल्या रंगाची तशी भीती नाही, तो पोटभर खा.

दिवेलागणीला पोर उंबऱ्याला अडखळतंय, समोरची वाटी चाचपडतंय, डोळ्याच्या पांढऱ्यावर फेसाळ ठिपका दिसतोय, तर अंगारा-धुपारा नंतर, आधी दवाखाना. त्याच दिवशी. उलट पपई-गाजर खाऊन तळहात पिवळे झाले आणि डोळे पांढरेस्वच्छ असले तर ती कावीळ नव्हे, खाण्याचा रंग आहे. चार दिवस कमी दे.

आता केशरी रताळ्याचं. तिरुवनंतपुरमच्या कंदपीक संशोधन संस्थेनं 'भू सोना' नावाचं वाण काढलंय, १०० ग्रॅमला १४ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन, म्हणजे ज्याचं अंगात अ जीवनसत्त्व होतं तो केशरी रंग. शिजवलेलं अर्धी वाटी खाल्लं तर लहान पोराची दिवसाची गरज भागावी. तिकडे मोझांबिक, युगांडात असलीच केशरी रताळी आयांच्या हाती दिली. त्या कामाला २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. कृषी विज्ञान केंद्रात वेलाची चौकशी करायला तुझ्या नवऱ्याला पाठव, नाहीतरी तो तिकडे ठिबकसाठी जातोच.

वेल मिळाला तर भारी काळ्या रानात लावू नका, कंद वेडेवाकडे होतात. निचऱ्याची हलकी जागा बघा. वीतभर तुकडा, दोन-तीन डोळे मातीत, वरंब्यावर. जमिनीला भेगा पडल्या की सोंड्या भुंगा आत शिरतो आणि रताळं कडू करतो, म्हणून माती चढवत राहायची. कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, पण फार खुडलीस तर खाली कंद बारीक राहतात. साधारण चार महिन्यांत काढणी. तेव्हा सगळा वेल गुरांना घालू नकोस. दोन-चार निरोगी वेल न्हाणीजवळच्या ओलीत लावून उन्हाळा काढ, मृगाच्या पावसाला तुकडे तयार. पहिले तुझ्या धुळ्याच्या नणंदेला दे, तिची दोन्ही पोरं पाचाच्या आतली आहेत.