मंडळीची जमीन कोणाची?

वाचन : १ राजे २१:१-१६, १ करिंथ ६:१-८.

उपासनामंदिराची जागा किंवा कबरस्थान यांवरून ख्रिस्ती भाऊ भावाला न्यायालयात खेचतो, हे आपण दुःखाने पाहतो. पौलाची शिकवण अशी की, त्यापेक्षा तोटा सोसावा. मग विश्वस्तांनी मंडळीची जमीन जाऊ द्यावी काय?

येथे भेद ओळखला पाहिजे. स्वतःचे सोडणे हा त्याग होय. दुसऱ्यांची ठेव सोडणे हा अविश्वासूपणा होय. नाबोथाने द्राक्षमळा राजालाही दिला नाही, कारण ते वाडवडिलांचे वतन होते.

महाराष्ट्रातील सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा १९५० चा कायदाही विश्वस्तांस मालक मानीत नाही. कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून केलेली स्थावराची विक्री वैध ठरत नाही. विश्वस्त बदलल्यास ९० दिवसांत कळवावे लागते. यात आळस झाला म्हणजे ‘खरे विश्वस्त कोण?’ हाच तंटा पिढ्यान्पिढ्या चालतो.

आपले हातही स्वच्छ असावेत. गायरान साऱ्या गावाचे आहे. अशा सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्यासाठी योजना आखाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सर्व राज्यांस फर्माविले. आपल्या मंदिराचे कुंपण गायरानात सरकले असेल, तर हुकमाची वाट न पाहता ते मागे घ्यावे.

म्हणून दप्तर नीट राखावे, हिशेब सभेपुढे ठेवावा, आणि तंटा प्रथम मंडळीतील सुज्ञांपुढे न्यावा.

प्रश्न : १. पौलाची आज्ञा व नाबोथाचा नकार यांचा मेळ कसा बसतो? २. आपल्या मंडळीच्या जमिनीचा सातबारा उतारा आपण शेवटी केव्हा पाहिला?