इंग्रजी लेखनात शंका आणि असंभाव्यता कशी व्यक्त करावी?

आपल्या विद्यार्थ्यांना इंग्रजीत 'आहे' आणि 'नाही' लिहावयास लवकर येते. अडचण पडते ती या दोहोंच्या मधल्या प्रदेशात. जे निश्चित माहीत नाही, जे घडण्याचा संभव थोडा आहे, ज्यावर आपला विश्वास बसत नाही, ते नेमके कसे लिहावे? मराठीत आपण 'बहुधा', 'कदाचित', 'असावा', 'नसावा' असे शब्द सहज वापरतो. तेच इंग्रजीत उतरविताना मात्र कधी कधी अर्थ पूर्णपणे उलटा होतो. म्हणून या लेखात आम्ही या एकाच विषयाचा थोडा सविस्तर विचार करणार आहोत.

'शंका' या शब्दाची दोन तोंडे

प्रथम सर्वांत धोक्याची जागा पाहू. मराठीतील 'शंका' आणि 'संशय' हे शब्द दोन्ही बाजूंना वळतात. न्यायालयाच्या बातमीत आपण 'संशयित' वाचतो. त्याने गुन्हा केला असावा असे पोलिसांना वाटते. त्याच बातमीत पुढे 'संशयाचा फायदा देऊन मुक्तता' असेही वाचतो. येथे त्याने गुन्हा केला याबद्दल न्यायालयाची खात्री पटलेली नसते. शब्द एकच, पण पहिल्या ठिकाणी तो आरोपाकडे झुकतो व दुसऱ्या ठिकाणी सुटकेकडे.

इंग्रजीने या दोन अर्थांसाठी दोन निराळी क्रियापदे ठेवली आहेत. एखादी गोष्ट खरी असावी असे वाटत असेल तर 'सस्पेक्ट'. ती खरी नसावी असे वाटत असेल तर 'डाउट'. समजा, वसतिगृहातील विद्यार्थ्याला अर्जात लिहावयाचे आहे की, 'टाकीतील पाणी दूषित आहे अशी आम्हांस शंका आहे.' त्याने 'वी डाउट दॅट द वॉटर इज कंटॅमिनेटेड' असे लिहिले, तर वाचणारा समजेल की विद्यार्थ्यांच्या मते पाणी दूषित नसावे. मग टाकी कोण धुणार? येथे 'वी सस्पेक्ट दॅट द वॉटर इज कंटॅमिनेटेड' असेच लिहिले पाहिजे. चोरीच्या तक्रारीत हीच चूक झाली, तर ज्याच्यावर संशय आहे त्याला आपणच निर्दोष ठरविल्यासारखे होते.

वर्गात प्रश्न विचारताना आपल्याकडे 'आय हॅव अ डाउट' म्हणण्याची रूढी आहे. भारतात ती सर्वांना समजते. परंतु परदेशी वाचकाला त्यातून अविश्वासाचा सूर ऐकू येण्याचा संभव आहे. लेखनात 'आय हॅव अ क्वेश्चन' हेच बरे.

'डाउट'च्या पुढे काय यावे, हेही लक्षात ठेवावे. होकारार्थी वाक्यात 'वेदर' शोभते : 'आय डाउट वेदर ही विल कम.' तो येईल असे मला वाटत नाही, हा त्याचा अर्थ. येथे 'दॅट'ही चालते. नकारार्थी वाक्यात मात्र 'दॅट'च घ्यावे : 'आय डू नॉट डाउट दॅट ही विल कम.' आणखी एक बारकावा म्हणजे 'नो डाउट'. त्याचे भाषांतर आपण 'निःसंशय' असे करतो. पण लेखनात पुष्कळदा त्याचा अर्थ 'बहुधा असेच असेल' एवढाच असतो. खरोखर निःसंशय म्हणावयाचे असेल तर 'अनडाउटेडली' किंवा 'विदाउट डाउट' वापरावे.

खात्रीच्या पायऱ्या

एक मनुष्य घरी आहे की नाही, हे आपल्याला ठाऊक नाही. आपला अंदाज पायरीपायरीने असा खाली उतरतो :

१. 'ही मस्ट बी ॲट होम.' दिवा जळतो आहे, चपला दारात आहेत. तो घरी असलाच पाहिजे.
२. 'ही इज प्रॉबेबली ॲट होम.' तो बहुधा घरी असावा.
३. 'ही मे बी ॲट होम.' तो कदाचित घरी असेल.
४. 'ही माइट बी ॲट होम.' असलाच तर असेल. ('मे' व 'माइट' यांतील अंतर थोडे आहे, पुष्कळ लेखक ते पाळीत नाहीत.)
५. 'ही इज अनलाइकली टू बी ॲट होम.' तो घरी असण्याचा संभव कमी.
६. 'ही कॅनॉट बी ॲट होम.' तो घरी असणे शक्यच नाही.

तिसऱ्या पायरीवरील वाक्याला 'नॉट' जोडून 'ही मे नॉट बी ॲट होम' केले, तर 'तो कदाचित घरी नसेल' एवढाच अर्थ होतो. सहाव्या पायरीचा ठामपणा त्यात नाही. तसेच अनुमानाच्या 'मस्ट'ची उलट बाजू लिहिताना 'मस्ट नॉट' घेऊ नये, 'कॅनॉट' घ्यावे. कारण 'मस्ट नॉट' वाचताच बहुतेकांच्या मनात मनाईचा अर्थ येतो.

'अनलाइकली' दिसते क्रियाविशेषणासारखे, पण ते विशेषण आहे. म्हणून 'ही विल अनलाइकली कम' न लिहिता 'ही इज अनलाइकली टू कम' किंवा 'इट इज अनलाइकली दॅट ही विल कम' असे लिहावे. 'प्रॉबेबल' मात्र माणसाला लावता येत नाही. 'ही इज प्रॉबेबल टू कम' हे अशुद्ध होय. 'हार्डली' या शब्दात नकार आधीच दडलेला असतो. त्याला दुसरा नकार जोडू नये.

'पाऊस आला तर'

मराठीत 'उद्या पाऊस आला तर सामना होणार नाही' असे आपण म्हणतो. 'आला' हे रूप भूतकाळाचे, पण शक्यता खरीखुरी. याचे शब्दशः रूपांतर करून 'इफ इट रेन्ड टुमॉरो' लिहिले, की पाऊस येण्याचा फारसा संभव नाही असा अर्थ होतो. कारण भविष्याविषयी बोलताना भूतकाळी रूप वापरणे ही इंग्रजीत असंभाव्यतेची खूण आहे. खऱ्या शक्यतेसाठी 'इफ इट रेन्स टुमॉरो' असे साधे वर्तमानकाळी रूप घ्यावे.

मोजून लिहिण्याचे मोल

शंका व्यक्त करणे हा दुबळेपणा आहे, असे काहींना वाटते. जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी डीएनएच्या रचनेवरील आपला छोटासा लेख २५ एप्रिल १९५३ रोजी 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. विसाव्या शतकातील एका थोर शोधाचा तो लेख. पण त्याच्या आरंभी त्यांनी रचना 'सिद्ध करतो' असे म्हटले नाही, 'सुचवू इच्छितो' असे म्हटले. पुरावा जेवढा, तेवढेच ठाम विधान, ही शास्त्रीय लेखनाची शिस्त आहे. मात्र प्रत्येक वाक्यात 'परहॅप्स' पेरणे हाही दोषच होय. जे माहीत आहे ते निर्भयपणे लिहावे. पायरी कोणती निवडावी हे व्याकरण सांगत नाही. ते आपला पुरावा सांगतो.

सरावासाठी

पुढील वाक्ये इंग्रजीत लिहा : (अ) तिने पत्र वाचले असेल असे मला वाटत नाही. (आ) हे बिल चुकीचे आहे अशी मला शंका आहे. (इ) गाडी वेळेवर येण्याचा संभव कमी आहे. (ई) ही सही त्याची असणे शक्य नाही.

उत्तरे : (अ) आय डाउट वेदर शी हॅज रेड द लेटर. (आ) आय सस्पेक्ट दॅट धिस बिल इज राँग. (इ) द ट्रेन इज अनलाइकली टू अराइव्ह ऑन टाइम. (ई) धिस सिग्नेचर कॅनॉट बी हिज.