बंदा रुपया आणि प्रकाश

माझी भाची इथेच भोपाळला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. मागच्या दिवाळीत आईने तिला विचारले, "तुझा प्रकल्प कशावर आहे गं?" ती म्हणाली, "थिन फिल्मवर, आजी." आईने विचारले, "म्हणजे सिनेमावर?" सगळे हसले. भाचीने दोन-तीन वाक्ये सांगून पाहिली. त्यांतला 'अर्धचालक' हिंदीतला होता, बाकीचे शब्द इंग्रजी. शेवटी "जाऊ दे आजी, तुला नाही कळायचं," म्हणून ती उठली.

मी साहित्य शिकवते. ते वाक्य मला लागले. आजीला कळत नाही, की आपल्याला तिच्या भाषेत सांगता येत नाही? त्या रात्री भाचीकडून मी विषय समजून घेतला. तो माझ्या विद्यार्थ्यांसाठी आणि लिहिणाऱ्यांसाठी येथे मांडते.

आधी शब्द पाहू. हिंदीतल्या 'अर्धचालका'ला मराठी विश्वकोशात 'अर्धसंवाहक' म्हटले आहे. तांब्यातून वीज सहज वाहते, काचेतून वाहत नाही. सिलिकॉन, कॅडमियम सल्फाइड यांसारखे पदार्थ या दोहोंच्या मधले. 'फिल्म' म्हणजे काचेवर बसवलेला त्यांचा पातळ थर. त्याची जाडी बहुधा केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही कमी असते.

असा थर बसवण्याची एक पद्धत आपल्याकडील प्रयोगशाळांना परवडणारी आहे. योग्य क्षारांच्या द्रावणात काचपट्टी बुडवून ठेवायची, द्रावण बेताचे तापवायचे. थर हळूहळू काचेवर धरतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या पद्धतीवर मोठे काम झाले. आर. एस. माने आणि सी. डी. लोखंडे यांचा तिच्यावरील विस्तृत आढावा २००० साली प्रसिद्ध झाला. तो अर्थातच इंग्रजीत आहे.

आता 'बँड गॅप'. याला 'ऊर्जा-अंतर' म्हणतात. पण 'अंतर' म्हटले की फूटपट्टीने मोजायची जागा डोळ्यांसमोर येते. येथे तशी जागा नाही. पदार्थातला इलेक्ट्रॉन एरवी बांधलेला असतो. तो मोकळा होऊन वाहू लागायला ठरावीक ऊर्जा लागते, आणि बांधलेला व मोकळा यांच्या मधली कोणतीही अवस्था शुद्ध पदार्थात त्याला मिळत नाही. म्हणून हे अंतर कमी, मोल जास्त. हे मोल इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये सांगतात.

प्रकाशही सुट्या कणांनी येतो. तांबड्या कणाची ऊर्जा कमी, जांभळ्याची जास्त. कणाजवळ पुरेसे मोल असेल तर पदार्थ त्याला शोषून घेतो. नसेल तर तो आरपार जातो. दोन अपुऱ्या कणांची बेरीज सहसा चालत नाही.

विद्यार्थ्यांनी एक गणित करून पाहावे. १२४० ला ऊर्जा-अंतराने भागले की शोषण कोणत्या तरंगलांबीपासून सुरू होते ते नॅनोमीटरमध्ये मिळते. कॅडमियम सल्फाइडचे अंतर सुमारे २.४, भागाकार सुमारे ५१७. म्हणजे निळा-जांभळा प्रकाश शोषला जातो, पिवळा-तांबडा पार होतो, आणि थर पिवळा दिसतो. चित्रकारांचा 'कॅडमियम यलो' तो हाच पदार्थ. कॅडमियम टेल्युराइडचे अंतर सुमारे १.५, तो सगळा दृश्य प्रकाश शोषतो, म्हणून काळा. झिंक सल्फाइडचे ३.६ च्या आसपास. तो दृश्य प्रकाशाला हातच लावत नाही, म्हणून रंगहीन.

एक सावधगिरी हवी. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर रंग दिसतात, तसे पातळ थरावरही दिसू शकतात. ते जाडीमुळे, प्रकाशलहरी एकमेकींत मिसळल्याने उमटतात, आणि काचपट्टी तिरपी केली की बदलतात. शोषणाचा रंग तसा बदलत नाही. प्रयोगशाळेत मात्र डोळ्यांवर विसंबत नाहीत. प्रत्येक तरंगलांबीला किती प्रकाश शोषला गेला ते मोजून आलेख काढतात आणि त्यावरून ऊर्जा-अंतर ठरवतात.

दुसऱ्या दिवशी भाचीने हे सगळे आजीला मराठीत सांगितले. अडखळत, पण सांगितले. आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे चिल्लर चालत नाही, बंदा रुपयाच हवा."

"हो, आजी!"

"आणि एखाद्याने दोन रुपये दिले तर? वरचा परत मिळतो का?"

भाची माझ्याकडे बघतच राहिली. वरचा परत मिळत नाही. त्याची उष्णता होते. सौर घटाची सारी ओढाताण इथेच आहे. अंतर कमी ठेवले तर पुष्कळ कण कामी येतात, पण प्रत्येकाचे वरचे मोल वाया जाते. जास्त ठेवले तर बरेच कण फुकट पार होतात. म्हणून १.१ ते १.५ च्या आसपासचे पदार्थ सौर घटाला सोयीचे ठरतात. सिलिकॉन १.१ चे.

विज्ञान शिकलेली नसतानाही आई नेमक्या प्रश्नापाशी पोचली होती. तिला कळायचे नाही, हे आम्ही परस्पर ठरवून टाकले होते.