मोत्यांचा देश

नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत असते, तेव्हा अवकाळी पावसाची एक सर अनेक घरांची मिळकत भिजवून जाते. एकाच उत्पन्नावर भिस्त ठेवणाऱ्यांची ही चिंता अरबस्तानालगतच्या आखातातील बहारीन या चिमुकल्या देशानेही भोगली आहे.

बहारीन नंदुरबार जिल्ह्याच्या सहाव्या हिश्शाहूनही लहान आहे. त्याच्या नावाचा अर्थ ‘दोन समुद्र’. तेथे खाऱ्या समुद्राच्या तळाशीही गोड्या पाण्याचे झरे असत. उन्हाळाभर तेथील पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाशी दगड बांधून तळ गाठीत व मोत्यांचे शिंपले वेचीत. गलबतावरील गायक गाणी गाऊन त्यांचे श्रम हलके करी. मोती मुंबईच्या बाजारात येत. पाणबुडा मात्र बहुधा नाखव्याच्या कर्जातच राही.

पुढे जपानचे संवर्धित मोती स्वस्तात मिळू लागले आणि हा धंदा बुडाला. सुदैवाने १९३२ मध्ये तेथे खनिज तेल सापडले. परंतु तेलाचे साठेही थोडेच होते. एकदा पोळलेला देश सावध झाला. १५ ऑगस्ट १९७१ रोजी तो स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी तेथे ॲल्युमिनियमचे उत्पादन सुरू झाले. नंतर बँकांचा व्यवहार वाढला. आज तेथे लाखो भारतीय काम करतात. पाहुण्यापुढे खजूर व वेलदोड्याची कॉफी ठेवण्याची जुनी रीत मात्र अजून टिकून आहे.

निसर्गाचे देणे केव्हा आटेल, हे कोणी सांगावे? एक कसब हाती असतानाच दुसरे शिकून ठेवणारा समाज संकटातही तरतो.