पाठदुखी : कारणे, उपचार व सावधगिरी

निगडी परिसरातील अनेक कुटुंबे पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कारखान्यांवर अवलंबून आहेत. वाकून जड वजन उचलणे, यंत्रापुढे तासन्‌तास उभे राहणे आणि खड्ड्यांतून दुचाकीने प्रवास करणे यांमुळे कमरेवर ताण पडतो. बहुतेक पाठदुखीचे मूळ अशा ताणातच असते. काही रुग्णांत मणक्यांमधील गादी सरकून नस दबते व कळ पायात उतरते.

अशा वेळी दीर्घकाळ अंथरुणास खिळून राहणे हितावह नव्हे. शक्य तेवढी हालचाल, शेक व डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक औषधे यांनी बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो. गादी सरकलेल्या बहुसंख्य रुग्णांनाही शस्त्रक्रिया लागत नाही. दुखणे जुनाट झाल्यास व्यायाम व रुग्णशिक्षण उपयुक्त ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये हीच शिफारस केली आहे.

मात्र सोबत ताप असल्यास वा वजन घटत असल्यास मणक्याच्या क्षयरोगाची तपासणी करावी; वेळीच औषधोपचार घेतल्यास तो बरा होतो. लघवी-शौचावरील ताबा सुटणे, जांघेत बधिरता येणे किंवा पायातील शक्ती जाणे ही तातडीची लक्षणे होत. अशा रुग्णास मालिश करणाऱ्याकडे न नेता नातेवाइकांनी तत्काळ रुग्णालयात आणावे. एका दिवसाच्या विलंबानेही कायमचे अपंगत्व येऊ शकते.