पन्नास हजारांच्या पाइपात असतं काय?

प्रश्न : आमचे जावई डेन्मार्कहून आले तेव्हा त्यांनी हाताने घडवलेला लाकडी पाइप दाखवला. किंमत विचारली तर म्हणाले, पन्नास हजार. माझे वडील चिलीम ओढायचे. फुटली की कुंभाराकडून दुसरी यायची, कुणी हळहळायचं नाही. लाकडात विस्तव ठेवून लाकूड जळत कसं नाही? आणि एवढे पैसे नेमके कशाचे?
— एक वाचक, वेळापूर (ता. माळशिरस, जि. सोलापूर)

उत्तर : जळत नाही असं नाही. घाईघाईने झुरके मारले तर महागडा पाइपही आतून कोळसा होतो. पण हे लाकूड चिवट खरं. त्याला ब्रायर म्हणतात. भूमध्य समुद्राकाठच्या डोंगरांवर एक झुडूप वाढतं, त्याचं खोड आणि मूळ जिथे जुळतं तिथे जमिनीत मोठी गाठ धरते. वणव्यात वरचं झुडूप जळालं तरी या गाठीतून पुन्हा फुटतं. ही गाठ पोसायला काही दशकं लागतात. खणून काढल्यावर तिचे ठोकळे पाडतात, तासन्‌तास उकळून आतला चीक आणि तुरटपणा घालवतात आणि मग महिनोन्‌महिने वाळवतात. फ्रान्समधल्या सेंट-क्लोद गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या लाकडाचे पाइप बनू लागले. त्याआधी युरोपातले सामान्य लोकही मातीचेच पाइप ओढत होते, म्हणजे तुमच्या वडिलांच्याच पंगतीतले.

आता पैशांचं. जमिनीत वाढलेल्या गाठीत खडे आणि पोकळ्या असतात. ठोकळा बाहेरून निर्दोष दिसतो, अर्धं काम झाल्यावर आतून खड्डा निघतो. कारखान्यात अशा वेळी आपले सुतार भरतात तशी लांबी भरून वर रंग देतात. नावाजलेला कारागीर तो तुकडा फेकून देतो, आणि फेकलेल्या तुकड्यांचे पैसे उरलेल्या पाइपावर चढतात. लाकडाच्या शिरा तळापासून काठापर्यंत सरळ उभ्या आल्या, तर किंमत आणखी उडी मारते. त्या शिरांनी धुराची चव काडीमात्र बदलत नाही. त्या डोळ्यांसाठी असतात. लंडनच्या डनहिल कंपनीने 1917 मध्ये लाकडावर वाळूचा मारा करून खडबडीत पाइप काढण्याचं पेटंट घेतलं. वरचं मऊ लाकूड झडून जातं, कठीण शिरा उठून दिसतात, बारीकसारीक डागही झाकले जातात. ओढणाऱ्याचं त्यात काहीच बिघडलं नाही.

ओढणाऱ्याला खरा फरक पडतो तो भोकाचा. धुराची वाट तंबाखू भरायच्या वाटीच्या बरोबर तळाशी, मधोमध उघडली पाहिजे. ती थोडी वर गेली की खाली तंबाखू ओली राहते आणि पाइप गुरगुरू लागतो. तोंडात धरायची नळी पातळ आणि गुळगुळीत हवी, नाहीतर दात आणि जबडा दुखतो. हे काम चांगल्या कारखान्यातही नीट होतं. म्हणून माझ्या मते मध्यम किमतीपर्यंत पैसे कामाचे असतात, त्यापुढचे देखणेपणाचे आणि नावाचे. अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावी 1869 पासून मक्याच्या दाणे काढलेल्या कणसाचे पाइप बनतात. पाइपांच्या दुनियेत याहून स्वस्त फारसं काही नाही, आणि अमेरिकेचा सेनापती जनरल मॅकार्थर जगभर मिरवत होता तो असलाच. तुमच्या माळशिरस तालुक्यात मका काही कमी पिकत नाही!

देखणेपणासाठी पैसे मोजायची हौस मात्र आपल्याकडे जुनी आहे. तंबाखू तेवढी जुनी नाही. वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वराच्या यादवकालीन देवळात तंबाखू ओढणारा कोरलेला सापडणार नाही, कारण त्या काळात ती इथे नव्हतीच. अमेरिकेतली ही वनस्पती पोर्तुगीजांबरोबर आली. 1604 च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारात गेला होता. तिथे त्याने तंबाखू पाहिली आणि बादशहासाठी नेली. सोबत ओढायचं साधनही करवून घेतलं : सुमात्रा बेटावरच्या अचिनहून आलेली तीन हात लांब नळी, दोन्ही टोकांना रत्नं आणि मीनाकारी, तोंडाशी येमेनी अकीक, विस्तवासाठी सोन्याचं पात्र. अकबराने दोन-तीन झुरके घेतले. हकीम अडवत राहिला, असद बेग वाद घालत राहिला. सरदारांनी मात्र तंबाखू उचलून धरली, पण बादशहाने तिची सवय लावून घेतली नाही. एवढ्या जडजवाहिराचा हिशेब झुरक्यांवर मांडला, तर जावईबापूंचा पाइप फुकटच म्हणायचा. पुढे बिदरच्या कारागिरांनी हुक्क्यांच्या बुडांवर चांदीची जी नक्षी भरली, ती आज संग्रहालयांत काचेआड आहे. त्या हुक्क्यांवरही निखारा धरायला बहुतेक वेळा साधी मातीची चिलीमच बसवत.

आणि एक. ‘हाताने बनवलं म्हणून महाग’ हे दुकानदाराचं म्हणणं सोलापूरच्या माणसाने तरी ऐकून घेऊ नये. विडीही हातानेच वळतात. तेंदूचं पान मापाने कातरायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. सोलापूर शहरात हजारो बायका हे काम करतात आणि मजुरी मिळते ती हजार विड्यांमागे. हात दोन्हीकडे तितकेच कसलेले. डेन्मार्कचा कारागीर आपल्या वस्तूवर सही करतो, विडीवर छाप असतो तो कंपनीचा. पन्नास हजारांतला बराच मोठा भाग त्या सहीचा आहे.

पाइपाचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, असं जावई म्हणाले तर मान डोलावू नका. ओठ, जीभ आणि घसा यांच्या कर्करोगाचा धोका त्यात पुरेपूर आहे. वस्तू म्हणून कुणी कपाटात ठेवायला घेतली तर माझी हरकत नाही. ओढण्यासाठी मात्र पन्नास हजारांचाही घेऊ नये आणि पन्नासचाही.

तरी कारागिराची परीक्षा घ्यायची असेल तर पाइप साफ करायची लवचीक तार तोंडाकडून आत सरकवा. ती न अडखळता वाटीच्या तळाशी मधोमध निघाली, तर काम चोख आहे. अडली, तर जावयांनी पैसे जास्त दिले.